पंपावरचा माणूस

आमच्या अग्निशमन केंद्रात मला सगळे भोंगा म्हणतात. गाडीचा भोंगा बिघडला तरी चालेल, याला पुढे बसवा, असं साहेब एकदा म्हणाले आणि तेव्हापासून ते नाव चिकटलं. माझी काही तक्रार नाही. आगीत शिरताना मोठा आवाज उपयोगी पडतो. घरी तो उपयोगी पडत नाही असं बायकोचं म्हणणं आहे. पण तिचं म्हणणं मी अजून एकदाही शेवटपर्यंत ऐकलेलं नाही, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही.

अशा माणसाला साहेबांनी ऐकून घेण्याच्या प्रशिक्षणाला पाठवलं. वरून हुकूम आला होता. आगी विझवणाऱ्यांना, रुग्णवाहिकेवाल्यांना झोप लागत नाही, चिडचिड होते, काही जण पार कोलमडतात. आणि डॉक्टरच्या आधी आपल्यातल्याच माणसापाशी त्यांचं तोंड उघडतं. म्हणून प्रत्येक केंद्रातून एकानं ही विचारपूस शिकून यायची होती.

"पण मीच का?" मी साहेबांना विचारलं.

"तू दोन दिवस नसलास की बाकीच्यांच्या मनाला आपोआप आराम पडेल," साहेब म्हणाले.

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो, पण मनातून झोंबलंच.

निघायच्या सकाळी मी गाडीला किक मारत होतो, तेवढ्यात कोरडेराव माझ्यापाशी आला. हा आमचा पंपचालक. खरं नाव वेगळं आहे. पण आम्ही सगळे आगीतून ओलेचिंब आणि काळेठिक्कर होऊन बाहेर येतो आणि हा बंबापाशी जसाच्या तसा उभा, म्हणून तो कोरडेराव. पंपचालकानं आत जायचंच नसतं. बंबाच्या कडेला पाण्याचा दाब दाखवणारा गेज आणि लिव्हर असतात, तिथं उभं राहून आमच्या नळीतलं पाणी सांभाळायचं. पाणी कमी पडलं तर आम्ही आत भाजणार, एकदम जास्त आलं तर नळी आम्हाला उचलून आपटणार. त्यामुळे आभाळ कोसळलं तरी त्यानं पंप सोडायचा नाही.

माझी आणि त्याची भरती एकाच वेळची. माझ्या थोरलीला सायकल त्यानंच शिकवली, कारण मी ओरडतो म्हणून ती माझ्याकडून शिकेना. कसा आहेस विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "ठणठणीत!"

त्या सकाळी त्यानं खिशातून त्याचा पाना काढून माझ्या हातात ठेवला. आता हा पाना म्हणजे काय चीज होती ते सांगायला हवं. त्यानं तो स्वतः घासूनपुसून घडवला होता, मुठीला जुन्या नळीचं रबर गुंडाळलं होतं. बंबात पाणी भरायच्या रस्त्यावरच्या नळाचं कितीही गंजलेलं झाकण असो, त्या पान्यापुढे ते मुकाट्यानं फिरायचं. साहेबांनी मागितला तरी तो देत नसे. मी तर वर्षानुवर्षं त्यावर डोळा ठेवून होतो.

"ठेव तुला," तो म्हणाला. "मला काय करायचाय आता."

मी इतका खूश झालो की त्याचा चेहरासुद्धा नीट बघितला नाही. पाना खिशात घातला, त्याच्या पाठीवर एक थाप मारली आणि निघालो. वायरलेसवाल्याला त्यानं आदल्याच आठवड्यात आपला चहाचा मोठा मग दिला होता आणि दुसऱ्या चालकाला बसायची उशी. वय झालं की माणूस दिलदार होतो, असं आम्ही चहा पिताना बोललोही होतो.

प्रशिक्षण एका जुन्या कचेरीच्या वरच्या मजल्यावर होतं. पत्र्याच्या खुर्च्या, करकरणारा पंखा, आणि शिकवायला एक बाई. बाईंनी कित्येक वर्षं रुग्णवाहिकेवर काढलेली. आवाज इतका लहान की सगळ्यांना पुढे वाकूनच बसावं लागे. मला वाटलं, संपलो.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला जोडीजोडीनं बसवलं. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं नुसतं ऐकायचं. माझ्या वाट्याला रुग्णवाहिकेचा एक चालक आला. त्याला रात्र रात्र झोप लागत नव्हती. डोळा लागला की एक अपघात समोर येतो, असं तो सांगायला लागला.

"गादी बदल," मी म्हणालो. "कापसाची घे. माझ्या मेहुण्यानं घेतली, घोरतो नुसता."

तो माझ्याकडे बघतच राहिला. बाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "झालं? वर्दी संपली का तुमची?"

आमच्यात आगीचा फोन आला की वर्दी आली म्हणतात, आणि आग विझली की वर्दी संपली. मी जरा रागानंच म्हणालो, "मग काय करू? त्याला त्रास होतोय, मी नुसता बघत बसू?"

"हो," बाई म्हणाल्या. "थोडा वेळ नुसते बसा. जमतंय का बघा."

नाही जमलं. दिवसभरात मी आणखी तिघांना सल्ले दिले, त्यातल्या एकाला तर बदलीचा अर्ज कसा लिहायचा तेही सांगून टाकलं. घरी जाऊन बायकोपाशी चडफडलो. ती म्हणाली, "त्या बाईंना एकदा जेवायला बोलाव." म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी प्रश्न टाकला. वाईट आग झाली, माणसं दगावली, तर नंतर कोणाची विचारपूस करायची हे तुमच्याकडे कसं ठरवता? याचं उत्तर मला तोंडपाठ होतं. मी उभाच राहिलो.

"आमच्याकडे एकही माणूस सुटत नाही," मी सांगितलं. "मास्क लावून आत जाणाऱ्या प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला असतो. आत जाताना तो बाहेरच्या फळीवर अडकवायचा, बाहेर आला की काढायचा. म्हणजे आत कोण आहे ते कळतं. वर्दी संपली की फळीवर ज्यांचे बिल्ले लागले होते, त्या सगळ्यांना एका खोलीत बसवतो. चहा देतो, बोलतं करतो."

"छान आहे," बाई म्हणाल्या. "आणि ज्याचा बिल्ला लागतच नाही, तो?"

मी उभा होतो तो खाली बसलो. 

मला कपड्यांच्या गोदामाची आग आठवली. काही महिन्यांपूर्वीची, भर दुपारची. आम्ही चार बायकांना जिवंत बाहेर काढलं, पाचवी हाती लागली ती उशिरा. संध्याकाळी आम्ही सगळे त्या खोलीत बसलो. कोणी रडलं, कोणी शिव्या घातल्या, मी भिंतीवर हात आपटला. हलकं वाटलं. आणि त्या खोलीत चहा कोणी आणून दिला होता? कोरडेरावनं. ट्रे ठेवला, प्रत्येकाच्या हातात कप दिला, आणि आम्हाला निवांत बोलता यावं म्हणून जाताना दार ओढून घेतलं. त्याला बस म्हणावं असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तो आत गेला कुठे होता?

चहाच्या सुट्टीनंतर बाई बोलायला लागल्या ते धोक्याच्या खुणांबद्दल. माणूस अबोल होतो, कामातून मन उडतं, पिणं वाढतं, हे आम्हालाही ठाऊक होतं. मग त्या म्हणाल्या, "कधी कधी उलटं होतं. कुढणारा माणूस एकाएकी शांत होतो. आपल्या जिवापाड जपलेल्या वस्तू वाटायला लागतो. बाकीचे खूश होतात."

पाना माझ्या पँटच्या खिशात होता, मांडीला टोचत होता. चहाचा मग, उशी, पाना. आम्ही प्रत्येकानं हात पुढे करून घेतलं होतं आणि वर थट्टा केली होती. मला इतकी भीती जळत्या जिन्यावर कधी वाटली नव्हती.

मी सगळ्यांसमोर विचारलं, "असं असलं तर करायचं काय?"

"सरळ विचारायचं," बाई म्हणाल्या. "जीव द्यायचे विचार येतात का, असं. आडून नाही. विचारल्यानं कोणाच्या डोक्यात नवं खूळ शिरत नाही. उलट, कोणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. आणि मग त्याला एकटं सोडायचं नाही." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. "कोण आहे?"

मी सांगितलं. बाईंनी मला त्यांचा फोन नंबर दिला आणि म्हणाल्या, "जा तुम्ही. उरलेलं नंतर शिकवीन."

मी केंद्रावर पोचलो तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. कोरडेराव खानावळीतल्या बाकावर एकटाच बसला होता. दिसला, आणि मला आधी हायसं वाटलं. मी दोन कप चहा घेतला, त्याच्यासमोर बसलो आणि शिकवलेलं सगळं एकदम आठवायला लागलो.

"तुला सध्या आतून कसं वाटतंय, असं तुला वाटतं?" मी म्हणालो.

त्यानं कप खाली ठेवला. "काय झालं रे तुला? ताप आहे का?"

"नाही, म्हणजे, तुझ्या भावना..."

"ठणठणीत," तो म्हणाला आणि उठला. "पंपाची तपासणी राहिलीये."

मला स्वतःचाच राग आला. समोर बसवून चौकशी करायला मी काय पोलीस होतो? मी त्याच्या मागोमाग अंगणात गेलो. त्यानं नळी टाकीला जोडली, पंप सुरू केला. पंप पूर्ण वेगात असला की शेजारच्या माणसाला कानात ओरडावं लागतं. मी त्याच्या बाजूला उभा राहिलो. दोघंही गेजकडे बघत होतो. एकमेकांकडे बघायची गरज नव्हती.

मी पाना काढला आणि पुढे केला. त्यानं मान हलवली, घेतला नाही. मी तसाच धरून राहिलो. आणि मग तो बोलायला लागला. माझ्याशी नाही, गेजशी बोलावं तसा. मला त्याच्या तोंडापाशी कान न्यावा लागला. मध्ये काही बोलायची सोयच नव्हती, कारण मी तोंड उघडलं असतं तर त्याचं बोलणं मला ऐकू आलं नसतं. बाईंना दोन दिवसांत जे जमलं नाही ते त्या पंपानं करून दाखवलं.

गोदामाच्या आगीत एक माणूस धावत त्याच्यापाशी आला होता. मोटरसायकल टाकून आलेला, डोक्यावर हेल्मेट तसंच. त्याची बायको आत होती. आम्ही सगळे आत, साहेब मागच्या दाराला, बाहेर थांबलेला दिसत होता तो एकटा कोरडेराव. "बाहेर आली का ती?" तो माणूस विचारत होता. पुन्हा पुन्हा. पंप सोडता येईना. कोरडेराव म्हणाला, येईल, आमची माणसं आहेत आत. एकेक बाई बाहेर येत होती आणि तो माणूस विचारत होता, ही का? आणि कोरडेराव म्हणत होता, आता पुढची तुमचीच.

"शेवटी तुम्ही तिला आणलंत," तो म्हणाला. "चादर घालून. त्यानं तुमच्याकडे बघितलंच नाही रे. माझ्याकडे बघत होता. म्हणाला, तुम्ही म्हणाला होतात येईल म्हणून. एवढंच. हेल्मेट अजून डोक्यावर."

गेजचा काटा जागचा हलला नाही. "मी का बोललो तसं? मला काय माहीत होतं? तुम्ही आत जिवावर उदार होऊन शिरलात. मी काय केलं, तर खोटं बोललो. रोज झोपताना तो विचारतो, आणि मी रोज तेच सांगतो."

माझ्या जिभेवर चार वाक्यं येऊन उभी होती. तुझी काय चूक, तू धीर दिलास, विसरून जा, गादी बदल. मी ती गिळली. डोळे भरून आले ते मात्र गिळता आले नाहीत.

मग मी हात पुढे करून लिव्हर खाली आणला. पंप मंदावला, बंद झाला. आता विचारायचं होतं. माझा आवाज एवढा खाली येऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

"जीव द्यायचे विचार येतात का तुला?"

नळीतून उरलेलं पाणी ठिबकत होतं. तो ठणठणीत म्हणेल, असं मला वाटलं. म्हणाला असता तर काय केलं असतं, कोणास ठाऊक.

"येतात," तो म्हणाला. आणि बंबाच्या पायरीवर बसला, आपल्या कोरड्या कपड्यांत, आणि हमसून रडायला लागला. मी त्याच्या शेजारी बसलो. नुसता बसलो. जमलं.

त्यानंतर मी काय केलं ते सगळं बाईंनीच सांगितलेलं होतं, माझं डोकं त्यात काही नाही. त्याला म्हणालो, आज तू एकटा घरी जायचं नाहीस, मी बरोबर आहे. त्याच्यासमोरच बाईंना फोन लावला. साहेबांना सांगितलं, साहेबांचा चेहरा पडला, पण त्यांनी एक शब्दही न विचारता त्याच्या जागी दुसरा चालक लावला. बाईंच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई त्याच संध्याकाळी भेटल्या. मी बाहेर बाकावर बसून राहिलो.

त्याच्या घरी वहिनींनी दार उघडलं. आम्हा दोघांना बघून त्या म्हणाल्या, "भावजी, हे मला काही सांगत नाहीत. मी किती दिवस विचारतेय." तेव्हा कोरडेराव म्हणाला, "सांगतो. आत तर येऊ दे." निघताना मी पुन्हा पाना पुढे केला. "राहू दे तुझ्याकडे," तो म्हणाला. मी तो खिशात ठेवला, पण तो माझा आहे असं एकदाही मानलं नाही.

पुढचे दिवस सोपे नव्हते. औषधं चालू झाली, दर आठवड्याला डॉक्टरीणबाई. एखाद्या दिवशी तो बरा असे, एखाद्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी रोज जायचो. सुरुवातीला मी गप्प बसलो की तो घाबरायचा, मग सवय झाली. वायरलेसवाला चहाचा मग परत देऊन आला, दुसरा चालक उशी देऊन आला. कोरडेरावनं दोन्ही ठेवून घेतलं. पाना मात्र काही मागितला नाही, आणि मीही आता हट्टानं पुढे केला नाही. वाट बघायची, असं बाई म्हणाल्या होत्या. वाट बघणं हे माझ्यासारख्यासाठी आगीत शिरण्याहून कठीण होतं.

इकडे मी साहेबांशी भांडलो. नेहमीच्या आवाजात. फळीवर पंपचालकाचा बिल्ला लागलाच पाहिजे म्हणालो. "तो आत जात नाही, मग बिल्ला कशाला?" साहेबांनी विचारलं. मी त्यांना हेल्मेटवाल्या माणसाची गोष्ट सांगितली. कोरडेरावला विचारूनच सांगितली. साहेब उठून खिडकीपाशी गेले. नंतर त्यांनी स्वतः जाऊन बिल्ला करून आणला, आणि फळीवर सगळ्यात वर एक नवा खिळा ठोकला.

कोरडेराव कामावर परतला तो आधी फक्त दिवसाच्या पाळीला. पहिली वर्दी एका बेकरीची होती, छोटीशी, कोणाला खरचटलंही नाही. तरी परत आल्यावर साहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. तो सवयीनं चहाकडे वळला. मी त्याला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि चहा मी केला. एक घोट घेऊन तो म्हणाला, "हा चहा आहे की नळी धुतलेलं पाणी?" सगळे खो खो हसले. मग साहेबांनी विचारलं, "पंपावर काय काय झालं?" असं त्याला कोणी कधी विचारलं नव्हतं. त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "बेकरीवाल्याची आई माझ्यापाशी उभी होती. मी तिला सांगितलं, मला माहीत नाही, पण मी इथंच आहे." आणि तो आणखी बोलत राहिला. दार या वेळी आतून लावलेलं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी आम्ही रस्त्यावरचे नळ तपासत हिंडत होतो. एका नळाचं झाकण जाम बसलेलं. मी केंद्राचा पाना लावला, लोंबकळलो, शिव्या घातल्या, तोंड लाल झालं. झाकण ढिम्म. कोरडेराव कंबरेवर हात ठेवून बघत होता.

"सर बाजूला," तो म्हणाला. "माझा पाना कुठाय?"

मी खिशात हात घातला. रबराची मूठ माझ्या घामानं ओली झाली होती. त्यानं पाना घेतला, उलटासुलटा करून बघितला, बाहीला पुसला.

"गंज चढवून ठेवलायस," तो म्हणाला. "पुन्हा कधी देणार नाही तुला."

"नको देऊस," मी म्हणालो. आणि रस्त्यात उभा राहून मोठ्यानं रडलो, भोंग्यासारखा, येणारेजाणारे थांबून बघेपर्यंत. त्यानं झाकण फिरवलं, पाणी सोडलं, आणि पाना आपल्या खिशात ठेवला.